डोळ्यांवरचं कापड

"पाच... सहा... सात..." मोजता मोजता सोयराबाईनं हात पुढे केले, पण उशीरच झाला. डोळे बांधलेला तिचा नवरा डावीकडे कलला, धुण्याच्या दगडावर खांदा आपटला आणि अंगणातच त्यानं बसकण मारली.

"किती पावलं झाली?" रघुजीनं खालूनच विचारलं.

"सात."

"काल सहा होती. स्वल्प वाढली की."

"वाढली तर! या चालीनं दहा होईस्तोवर मीच खाटेला खिळेन. उठा आता, चूल पेटवायची राहिलीय माझी."

"एकदाच. बांध परत. घट्ट बांध, पापणी हलता कामा नये."

सोयराबाईनं बांधलं. आठ महिने ती रोज पहाटे हेच करत आली होती, आणि आता तिला खरोखर कंटाळा आला होता. माणूस मरणाच्या दारातून परत आला म्हणून नवस फेडले, तर हा घरात येऊन रोज सकाळी नव्यानं पडायला लागला. याला काय म्हणावं?

रघुजी पोटासाठी छापखान्यात बाइंडर होता. पण चामराजपेटेत त्याला त्या कामावरून कोणी ओळखत नसे. तालमीतला दांडपट्टेवाला रघुजी, हीच त्याची ओळख. कोपरापर्यंत लोखंडी खोबळा चढवून तो ते तीन हात लांबीचं लवलवतं पातं फिरवायला लागला, की माणसं श्वास धरून बघत राहायची. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा झाली की मानाचा हात त्याचा असे. डोळे बांधून दहा पावलांची फेरी घ्यायची आणि सोबती 'हां' म्हणेल त्या आवाजावर त्याच्या तळहातावरचं लिंबू कापायचं. कातडीला ओरखडा येता कामा नये. अकरा वर्षं रघुजीनं कापलं, आणि अकराही वर्षं तळहात गुंडोचा होता.

मग छातीनं दगा दिला. खोकल्यातून रक्त पडलं आणि शहराबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात चौदा महिने काढावे लागले. तिथंही हा गृहस्थ गप्प पडून राहिला नाही. पांघरुणाखाली मनगट फिरवत असे, नर्स ओरडली की झोपेचं सोंग घेई. स्ट्रेप्टोमायसिनच्या शंभरावर सुया टोचून घेतल्या तेव्हा छाती साफ झाली. घरी आला त्या संध्याकाळी वीज गेली, आणि उंबऱ्याजवळ उभा असलेला रघुजी एकदम कोसळला.

डॉक्टरांनी काही लपवून ठेवलं नाही. "तोल सांभाळणारी जागा कानाच्या आत असते. औषधानं ती गेली. जीव वाचला, हे काय थोडं झालं? डोळे उघडे असले की चालाल, पळालही. अंधारात मात्र भिंत धरायची. ते काही परत यायचं नाही."

रघुजी सगळ्याला "सरी, सरी" म्हणत होकारार्थी मान डोलावत राहिला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोला उठवून म्हणाला, "कापड आण."

डोळे उघडे ठेवून त्यानं आठ महिन्यांत सगळं परत मिळवलं. उड्या, गिरक्या, बैठे हात, सगळं. तेवढं कापड बांधलं की सातच्या पुढं गाडी जात नव्हती. तालमीत मात्र त्यानं कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. खंडेनवमीपर्यंत दहा पावलं होतील, या आशेवर तो होता.

खंडेनवमी आठ दिवसांवर आली तेव्हा गुंडो घरी आला. रघुजी कामावर होता. गुंडो गिरणीत लेथ चालवायचा. पायरीवर बसून बराच वेळ चहाची बशी फुंकत राहिला.

"अक्का, एक विचारू? रागावू नका."

"विचार की."

"अण्णाचा हात पहिल्यासारखा आहे ना? मला भीती नाही. पण बायको म्हणते, बोट गेलं तर लेथवर कोण उभं करून घेईल?"

खरं सांगावं तर नवऱ्याचा मान आपल्या तोंडानं घालवायचा, खोटं सांगावं तर या गरिबाचा हात.

"आहे," ती म्हणाली. "तू निर्धास्त राहा."

गुंडो हसला, आणि चहा संपवून गेला. एवढं बोलून बसल्यावर तिला काहीतरी करणं भागच होतं. तालमीची रीत अशी, की डोळ्यांवरचं कापड ज्याच्या त्याच्या घरून यायचं. घरच्या बाईनं ते शिवायचं, हळदीत रंगवायचं. दरवर्षी ती जाड मांजरपाटाच्या चार घड्या घालत असे. यंदा तिनं रघुजीचं विरलेलं मलमली धोतर काढलं. कडांना चार पदर घेतले, डोळ्यांवर येईल तिथं एकच ठेवला. हळदीत बुडवून वाळवलं आणि स्वतःच्या डोळ्यांवर बांधून बघितलं. नळ दिसला. बादली दिसली. बादलीची कडीसुद्धा दिसली. तिला रडू आलं, पण बरंही वाटलं.

खंडेनवमीला तालीम माणसांनी भरली होती. बायका दाराशी दाटीवाटीनं उभ्या होत्या. शस्त्रांना गंधफूल झालं. आप्पाजी वस्तादांनी रघुजीचं नाव पुकारलं तशी लोकांनी एकच गलका केला. किती दिवसांनी उतरत होता तो! खोबळा चढवताना त्याच्या दंडाच्या शिरा तट्ट फुगल्या. गुंडो समोर गुडघा टेकून बसला, उजवा तळहात पुढं केला आणि त्यावर लिंबू ठेवलं. वस्तादांनी रघुजीच्या डोळ्यांवर कापड बांधून गाठ मारली.

रघुजी एक पाऊल चालला. दुसरं टाकलं. आणि थांबला.

चल ना रे बाबा, सोयराबाई मनात म्हणाली, दिसतंय ना तुला, मग चल ना!

"हां!" गुंडोनं आवाज दिला.

रघुजीनं मोकळ्या हातानं कापड ओढून काढलं.

"वस्ताद, यातून दिसतंय," तो म्हणाला. "कापड मीच पातळ शिवून घेतलं. डोळे बांधले की मला उभं राहता येत नाही. इंजेक्शनांनी तोल गेलाय माझा."

म्हाताऱ्या आप्पाजींनी कापड घेऊन उजेडाला धरलं. मग म्हणाले, "उघड्या डोळ्यांनी काप."

तालमीत पहिल्या वर्षाची पोरं लिंबू कापतात ती तशी. रघुजीनं फेरी घेतली, देखणी, एकही पाऊल न चुकता. पातं सपकन आलं आणि लिंबाच्या दोन फोडी गुंडोच्या तळहातावर तशाच बसून राहिल्या. दोघांतिघांनी टाळ्या वाजवल्या. रघुजीनं खोबळा उतरवला, पातं कपाळाला लावलं आणि पट्टा गुंडोच्या हातात देऊन तो बाहेर पडला.

घरी जाताना सोयराबाई चार पावलं मागं राहिली. हा आता ओरडेल, रस्त्यातच बोलेल, असं तिला वाटत होतं. शेवटी तिलाच राहवेना.

"तुमचा मान राहावा म्हणून केलं मी."

"ठाऊक आहे."

"मग गप्प कापायचं होतं. कुणाला कळलं असतं?"

रघुजी उभा राहिला. "गुंडोनं डोळे मिटले होते गं. हात पुढं केला आणि डोळे मिटून बसला. तो तसा बसलेला आणि मी कापडाआडून बघतोय. नाही जमलं मला."

घरी येऊन तिनं पिठलं टाकलं, दोघं जेवली. रघुजी हात धुऊन लवकर पडला. ती कितीतरी वेळ भांडी घासत बसली. तिला नवऱ्याची कीव आली आणि स्वतःची लाजही वाटली. पण त्याहून मोठा होता तो थकवा. दोन वर्षांचा, हाडांत मुरलेला. निदान उद्यापासून पहाटे झोपायला मिळेल, एवढाच विचार करून ती आडवी झाली.

"सोयरा. ऊठ."

फटफटलं होतं. रघुजी अंगणाच्या दारात उभा होता, उघडाबंब, हातात ते जुनं मांजरपाटाचं कापड.

"आता कशाला?" ती उशीतूनच म्हणाली. "मान गेला, पट्टा गेला. पुढच्या वर्षी गुंडो कापील लिंबू."

"कापू दे की. चांगला कापील तो."

"मग तुम्ही कशाला पडून घेताय?"

रघुजीनं कापडाची घडी उलगडली. "ते मलाही नीटसं सांगता येत नाही," तो म्हणाला. "ऊठ."

तिचं अंग उचलत नव्हतं. तरी ती उठली, तोंडावर पाणी मारलं, कापड घेतलं आणि त्याच्या मागं जाऊन उभी राहिली. परत यायचं नाही ते, डॉक्टर म्हणाले होते. तिला ते पाठ होतं, आणि त्यालाही.

"घट्ट," रघुजी म्हणाला.

तिनं घट्ट बांधलं. दोन्ही हात त्याच्या पाठीजवळ धरले, पण लावले नाहीत. हात लागला की तो ते पाऊल मोजणीत धरत नसे.

"एक," ती म्हणाली.