सहा वर्षांची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. माझ्या निळ्या पत्र्याला पोचे पडले आहेत, झाकण मूळचे नाही आणि आतली काच दोनदा बदललेली आहे. काच बदलली की थर्मास नवा होतो, असे दुकानदार सांगतात. तसे होत नाही. माझ्यातून काय काय नेले गेले, ते मला सगळे आठवते.

कारखान्यात काचेच्या दोन भिंतींमधली हवा काढून मला घडवले. म्हणून माझ्यात गरम ते गरम राहते आणि गार ते गार. आत काय ओतले आहे हे बाहेरून कळत नाही, तेही लोक आमचा गुणच समजतात.

दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातून हेमलताबाईंनी मला घरी आणले. त्यांचे यजमान अंबादास रणभिसे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून होते. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. सरकारी क्वार्टरच्या दोन खोल्यांत हे दोघे आणि त्यांची लहान मुलगी उल्का राहत. हेमलताबाई रोज सकाळी माझ्यात चहा भरून देत. अंबादास तो कार्यालयाच्या जिन्याखालच्या कुंडीत ओतत आणि माझ्यात रम भरत. ती कुंडी फार दिवस जगली नाही.

१९९२ साली एका दुपारी ते त्याच जिन्यावरून पडले. साहेबांनी त्यांना इस्पितळाच्या व्यसनमुक्ती विभागात धाडले. सहा आठवड्यांनी ते घरी आले, आणि पहिल्याच रविवारी मराठी मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, उपासनेत उभे राहून म्हणाले, "मी दारुडा आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा." देवाने आपल्या आयुष्यात काय केले, हे चारचौघांत उभे राहून सांगण्याला या मंडळीत साक्ष म्हणतात. अंबादासांची ती पहिली साक्ष. तिच्यात वर्षांचा आकडा नव्हता.

मग ते दारू सोडू पाहणाऱ्यांच्या घरी जाऊ लागले. एका पिशवीत नवा करार, दुसऱ्या पिशवीत मी. माझ्यात फार गोड चहा असे, कारण दारू सुटताना माणसाला गोड लागते. मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले, "अंबादास, आधी स्वतः नीट उभे राहा, मग दुसऱ्याला धरा."

"पास्टरसाहेब," अंबादास म्हणाले, "दुसऱ्याला धरलं नाही तर मीच पडतो."

ती माझी चांगली वर्षे. लोक माझे कौतुक करत, "रणभिसे आले, चहा आला." फरिदाबाद, गाझियाबादच्या मंडळ्या अंबादासांना साक्षीसाठी बोलावत. सगळीकडे एकच प्रश्न असे, किती वर्षे झाली? तीन. चार. पाच. आकडा वाढला की आमेनही मोठ्याने होई. मधल्या एखाद्या वाईट मंगळवारी तुम्ही काय केलेत, हे मात्र त्यांना कोणी विचारत नसे.

१९९७ साली हे कुटुंब दिल्लीच्याच द्वारका भागात नव्या सोसायटीत राहायला आले. इमारती उभ्या होत्या, माणसे अजून यायची होती. पाणी टँकरने येई, वीज दिवसदिवस नसे. खालच्या मजल्यावर गुलाबराव नावाचे सरकारी ड्रायव्हर आणि त्यांची बायको लता राहत. गुलाबरावांची गाडी पिण्यापायी काढून घेतली होती. अंबादास मला घेऊन त्यांच्याकडे गेले.

"अण्णा, चहा पितो, पण येशूबिशू नको," गुलाबराव म्हणाले. "आणि तुमच्या येशूने पाण्याचा द्राक्षारस केला म्हणतात. मग तो आमच्याच पार्टीतला आहे ना, यार?"

"त्याने केला. मला तो पचला नाही," अंबादास म्हणाले.

गुलाबराव खूप हसले. त्या डिसेंबरात त्यांनी दारू सोडली. रोज संध्याकाळी येऊन ते चहा पीत आणि हळूहळू येशूबिशूही ऐकत. ईस्टरच्या आठवड्यात ते स्वतःहून म्हणाले, "अण्णा, तुमच्या प्रार्थनेला यावं म्हणतो. लतालाही आणतो."

गुरुवारी संध्याकाळी रणभिशांच्या घरी प्रभुभोजन होते, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. या मंडळीत त्यासाठी दारू वापरत नसत. काळ्या मनुका रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून हेमलताबाई रस करत. त्यांच्या माहेरची ती रीत होती. पण पाळकसाहेब आजारी पडले आणि प्रभुभोजन रविवार सकाळवर गेले. फ्रिज बंद होता. "थर्मासात टिकेल," म्हणत हेमलताबाईंनी रस माझ्यात ओतला आणि बूच घट्ट बसवले. माहेरी हा रस ज्या दिवशी करत त्याच दिवशी संपत असे, हे त्यांच्या लक्षात आले नाही. तो कोमट होता. एप्रिलचे तीन दिवस मी तो इमानाने कोमट ठेवला.

रविवारी अंबादास स्वयंपाकघरात एकटेच छोटे पेले भरायला बसले. बूच हात लावताच उडाले. रस फसफसला होता. त्यांना वासावरूनच कळले. बाहेर गाणे सुरू झाले होते आणि पुढच्या ओळीत गुलाबराव ओले केस विंचरून बसले होते. "हेमलता, रस बिघडलाय, फेकून दे," एवढेच म्हणायचे होते. अंबादासांनी खात्री करायला म्हणून झाकणभर घेतला. मग दुसरे झाकण घेतले. ते खात्रीसाठी नव्हते.

उरलेला रस त्यांनी मोरीत ओतला आणि पेल्यांत गुलाबाचे सरबत भरले. गुलाबरावांना अपाय झाला नाही. शेवटी अंबादास नेहमीसारखे साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, "सहा वर्षं झाली." सगळे आमेन म्हणाले.

दोन झाकणांनी कोणी मरत नाही, मित्रांनो. पण सहा वर्षांत प्रथमच त्यांच्याकडे लपवायला काही होते, आणि लपवणे त्यांना चांगले येत होते. जूनपर्यंत माझ्यात पुन्हा रम आली.

एकदा उल्काने मला धुवायला घेतले. तिने बूच काढले आणि थांबली. मग सोडा घालून मला धुतले, उन्हात ठेवले, पुन्हा धुतले. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. ती कोणाला काही बोलली नाही.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी गुलाबराव वर आले. लताबाईंशी भांडण झाले होते. "अण्णा, आज फार वाटतंय. चहा द्या." अंबादास आत कपडे बदलत होते. मी टेबलावर होतो. गुलाबरावांनी माझे बूच काढले आणि मला तोंडाजवळ नेले.

त्या क्षणी माझ्या हातात काहीच नव्हते. मी फक्त जे होते ते धरून होतो.

अंबादास दारात आले, तेव्हा गुलाबराव बूच परत लावत होते.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून."

"त्या दिवशी साक्ष दिलीत ती?"

"त्याच्या अर्धा तास आधीपासून."

"वहिनींना माहितेय?"

"नाही."

"मला काय सांगत होतात? पडलास तर लपवू नको, पहिले तोंडाने बोल म्हणून. मग बोला की."

"तू आठ महिन्यांचा आहेस, गुलाबराव. माझ्याकडे बघून थांबलायस. माझं ऐकून तू पडलास तर?"

"पडलो तर माझ्या पायांनी पडेन," गुलाबराव म्हणाले आणि खाली गेले. ते पडले नाहीत. पण चहालाही पुन्हा आले नाहीत. अंबादास बोलले नाहीत. रविवारी साक्ष देत राहिले, साडेसहा वर्षांची.

जानेवारीत त्यांना इस्पितळात नेले. पोट फुगले होते, डोळे पिवळे झाले होते. मग सगळ्यांना कळलेच. उल्का रोज माझ्यात पेज आणी. अकराव्या दिवशी मंडळीतले चौघे प्रार्थनेला आले. गुलाबरावही आले, पण दाराशीच उभे राहिले. शेजारच्या खाटेवर असाच एक दारूने आणलेला शिक्षक होता. मंडळीतल्या एकाने अंबादासांची लाज राखायची म्हणून त्याला हिंदीत सांगितले, यांनी सहा वर्षे दारूला हात लावला नव्हता.

अंबादासांनी हात वर केला. "अकरा दिवस," ते हिंदीतच म्हणाले. "तेही इथे मिळत नाही म्हणून."

कोणी आमेन म्हटले नाही. चौघांनी माना खाली घातल्या. शिक्षक कुशीवर वळला आणि त्याने विचारले, "पहिले तीन दिवस कसे काढलेत?" अंबादास त्याला सांगू लागले. धाप लागत होती, तरी सांगत राहिले. गुलाबराव दारातून आत आले आणि खाटेच्या कडेला बसले.

चार दिवसांनी अंबादास गेले. अंत्यविधीच्या भाषणात पुन्हा सहा वर्षेच होती.

मित्रांनो, आता माझ्यात कोणी काही भरत नाही. वस्तू पुसून ठेवा, आपटू नका, असे मी सांगणार नाही. ते तुम्हाला येते. एवढेच मागतो. जो माणूस दुसऱ्यांची चौकशी करत घरोघर हिंडतो, त्याला बसवून त्याचीही चौकशी करा. आकडा विचारू नका. कालची संध्याकाळ कशी गेली ते विचारा. आणि तुमच्यापैकी कोणाला घरातले एखादे भांडे धुताना वास आला, तर तो तुमचा दोष नाही. पण ते भांडे निमूटपणे धुऊन ठेवू नका. ते तसेच हातात घेऊन कोणातरी मोठ्या माणसाकडे जा.