तपासनीस आणि तीन हजार वर्षांचा ड्रॅगन

बाबा रिटायर झाले आणि सहाव्या दिवशी आमच्या कुकरला पिवळा टॅग लागला.

जबलपूरजवळ खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात बाबा पस्तीस वर्षं तपासणीला होते. हिरवा टॅग म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा, लाल म्हणजे नापास. क्वार्टर सोडून आम्ही रांझीत राहायला आलो, तर ही सवयही सामानाबरोबर आली. बाबांनी ओमतीच्या बाजारातून तीन रंगांचे कोरे टॅग छापून आणले. आईच्या लाटण्याला हिरवा, मोरीच्या नळाला लाल, आणि शेजाऱ्यांच्या स्कूटरला, त्यांना न विचारता, लाल. मी दिसेल तो टॅग काढून कचऱ्यात टाकत होते. तीन महिने आमचं हेच चाललं होतं.

मी त्यांची मुलगी राखी. मी खेळ बनवते, आणि हे सांगितलं की लोक विचारतात, "अच्छा, और काम क्या करती हो?" माझा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकून निकाल लावतात; आकडा जितका मोठा, तितकं चांगलं. प्रत्येक पात्राचा एक क्लास असतो. योद्धा, मांत्रिक, पुजारी, चोर. त्याला काय जमतं आणि काय जमत नाही, ते क्लासवरून ठरतं.

नागपूरचे श्रीरंग असे खेळ छापतात. त्यांना माझा खेळ आवडला होता, पण एक अट होती. "हे चार क्लास सगळ्यांकडे आहेत. कुणाकडेच नाही असा पाचवा दाखवा, नाहीतर राहू द्या." ते एका लग्नासाठी जबलपूरला आले होते आणि रविवारी पाचच्या बसनं परत जाणार होते. त्याआधी आमच्याकडे येऊन खेळ बघणार होते. दोन वर्षांचं काम त्या एका दुपारवर येऊन ठेपलं होतं. पाचवे क्लास मी सतरा बनवले होते. सतरावा मध गोळा करणारा होता, यावरून माझी अवस्था कळावी.

रविवारी दोनला माझे नेहमीचे खेळाडू ललित आणि वैभवी आले. श्रीरंगही आले. तिसरा खेळाडू आलाच नाही. घरात रिकामं माणूस एकच होतं.

"बाबा, तुम्ही पुजारी व्हा," मी म्हटलं.

बाबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात.

"बरं, चोर?"

त्यांनी फ्रेममधल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"मांत्रिक?"

"मंत्रानं होत असतं तर कारखाना काहून उघडला असता?"

"मग योद्धा व्हा! त्याला काय अडचण आहे?"

"कोणाला मारायचं आहे?"

"ड्रॅगनला."

"त्यानं काय केलं?"

दोन वर्षांत ड्रॅगननं काय केलं ते मी लिहिलंच नव्हतं. श्रीरंगनी वहीत काहीतरी टिपलं.

"मग तुम्ही करणार तरी काय, बाबा?"

"मी चेक करतो ना," बाबा म्हणाले आणि खिशातून टॅगचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

मला त्यांचा इतका राग आला की बस. पण श्रीरंग म्हणाले, "करू द्या की."

मी सुरुवात केली. डोंगराखाली एक गाव, गावात थंड पडलेली वीटभट्टी, वर गुहा, गुहेत ड्रॅगन. भट्टी मी फक्त शोभेला घातली होती. योद्धा ललितनं तलवार उपसली.

"थांब," बाबा म्हणाले. "पास झाली का ती?"

तलवारीवर लॉट नंबर नव्हता. लाल टॅग. वैभवीच्या अग्निमंत्राचं ड्रॉइंग मागितलं, ते तिच्याकडे नव्हतं. पिवळा टॅग. ललित चिडून आपला लाडका फासा टाकायला लागला, तर बाबांनी तोही मागून घेतला, आईकडून ग्लासभर दाट मिठाचं पाणी आणवलं आणि फासा त्यात सोडला. फासा तरंगला. बाबांनी सात वेळा टिचकी मारली, सातही वेळा वीसच वर आला.

"एका बाजूनं जड आहे. कधीपासून जिंकून राहिला?"

"चार वर्षं, काका," ललित म्हणाला आणि त्याचा चेहरा पडला. फाशाला लाल टॅग लागला.

अशा निःशस्त्र अवस्थेत मंडळी गुहेपाशी पोचली. मी ड्रॅगन झाले, डरकाळी फोडली, पंजा उगारला.

"हलायचं नाही," बाबा म्हणाले. "तपासणी चालू आहे. रीडिंग चुकते."

त्या जगाची विधात्री मी होते. मी पंजा खाली घेतला.

"वय?"

"तीन हजार वर्षं."

"काम?"

"खजिना राखतो."

"दाखवा."

खजिना सातशे वर्षांपूर्वीच एक राजा घेऊन गेला, असं ड्रॅगन म्हणाला. म्हणजे मीच म्हणाले. हे मला कुठून सुचलं कोण जाणे.

"मग रोज काय करून राहिले तुम्ही?"

"सकाळी उठतो. दारात येऊन बसतो. कोणी आलं की ओरडतो."

बाबांनी हातातला लाल टॅग परत गठ्ठ्यात ठेवला.

"आग दाखवा," ते म्हणाले. "दहा वेळा काढा, दोन नमुने मी घेतो."

ललितचा फासा बाद झाला होता, म्हणून मी माझा टाकला. एकदा अठरा, एकदा सतरा. बाबांनी हिरवा टॅग घेतला, त्यावर 'सेवेस योग्य' लिहिलं आणि सही केली. "खाली वीटभट्टी थंड पडली आहे म्हणून राखीनंच सांगितलं. उद्यापासून तिकडे जात जा, भैया. वेळेवर पोचायचं."

"येतो साहेब," ड्रॅगन म्हणाला.

श्रीरंग उठून उभेच राहिले. "कुणी मेलं नाही आणि खेळ संपला! क्लास हाच पाहिजे, तपासनीस. पण याची कमजोरी काय? सगळंच जमत असेल तर बाकीचे कशाला खेळतील? कमजोरी सांगा, मी कागद घेऊन जातो. बसला चाळीस मिनिटं आहेत."

"फार हळू आहे," वैभवी म्हणाली.

"मित्र राहत नाहीत," ललित फाशाकडे बघत म्हणाला.

श्रीरंग नकारार्थी मान हलवत राहिले. पेन माझ्या हातात होतं आणि डोकं कोरं. सतरा क्लासच्या कमजोऱ्या मी चुटकीसरशी लिहिल्या होत्या, या एकाची सुचेना. श्रीरंगनी घड्याळ पाहिलं आणि बॅग खांद्याला लावली.

बाबा मिठाच्या पाण्याचा ग्लास उचलून आत निघाले होते. दारातच थांबले.

"लिही. त्याला स्वतःला टॅग लावता येत नाही."

"म्हणजे?"

"आपल्याच मालावर आपली सही चालत नाही ना. दुसऱ्यानं चेक करावं लागते. कोणी नाही केलं, तर चांगला असला तरी रॅकवर पडून राहते. लिहिलं?"

मी लिहिलं. श्रीरंगनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, "छापतो" म्हणाले आणि बससाठी पळाले. ललित-वैभवी ओरडून मला मिठ्या मारत होते. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि मला नुसतं रडू येत होतं. तीन महिने मी ते टॅग कचऱ्यात टाकत होते, स्वतःचीच लाज वाटली.

मी गठ्ठ्यातला हिरवा टॅग काढला. 'गुणवंत गजभिये. सेवेस योग्य,' असं लिहिलं, खाली सही केली आणि बाबांच्या शर्टाच्या बटणाला अडकवला.

त्यांनी चष्मा लावला. टॅग उलटसुलट करून पाहिला.

"तारीख राहिली," ते म्हणाले आणि स्वतःचं पेन पुढे केलं.

मी तारीख टाकली. बाबांनी पुन्हा एकदा वाचलं, टॅग सरळ केला आणि आईला दाखवायला स्वयंपाकघरात गेले.