गोणपाटातले शंभर दाणे

"सही कर, धम्मशीला. सगळे प्रोग्राम बिनचूक बांधले गेलेत," अविनाश सर पुण्याहून व्हिडिओ कॉलवर म्हणाले. मी वडनेर भोलजीला घरूनच काम करते. सोमवारी आमच्या कंपनीची नवी ऑपरेटिंग सिस्टिम बाहेर पडणार होती, त्यासाठी मंजुरीची सही हवी होती, आणि शुक्रवारी सरांनी तिचे प्रोग्राम बांधायला नवाकोरा कंपायलर लावला होता. त्याची चाचणी कुणीच घेतली नव्हती.

"बांधले गेले म्हणजे बरोबर चालतील असं नाही," मी म्हणाले. "आपण लिहिलेलं बरोबर असेल आणि कंपायलरनेच ते मशीनच्या भाषेत चुकीचं उतरवलं, तर चूक शोधायची कुठे? सगळी सिस्टिम त्याच्यातूनच निघते."

"काही होत नाही गं."

तेवढ्यात आई ओलं गोणपाट घेऊन आत आली. पेरणीआधी तिने त्यात सोयाबीनचे शंभर दाणे गुंडाळून ठेवले होते. "एकसष्टच उगवले वं. पिशवीवर तं मोठा शिक्का हाये. वापसच करा लागते हे बियानं."

मी ते गोणपाट कॅमेऱ्यासमोर धरलं. "सर, माझी आई शिक्क्याच्या पिशवीतले दाणेही तपासते. मी सही करणार नाही."

"ठीक आहे, मीच करतो," ते चिडून म्हणाले.

माझं डोकं फिरलं. ऑफिसच्या कॉलवर कधीच न बोललेली घरची भाषा तोंडातून निघाली. "करा ना! पण मंग पयले तुमच्याच लॅपटॉपवर टाका ते. आत्ता, माह्या समोर."

सहीसाठी माउसवर गेलेला सरांचा हात मागे आला.