हातगुण कुणाचा?

आमच्या गाडीचं माझ्याशी वाकडं आहे, हे घरात सर्वमान्य झालं होतं. थंड गाडी सकाळी कधी पहिल्या झटक्यात सुरू व्हायची, तर कधी सेल मारून मारून मी रडकुंडीला यायचे. मग आमचे हे चहाचा कप हातात घेऊनच खाली यायचे, "सरक" म्हणायचे, एकदाच किल्ली फिरवायचे आणि गाडी शहाण्यासारखी सुरू व्हायची.

"हातगुण लागतो," हे म्हणायचे.

आणि हे कुणाला सांगायचे? मला! मी प्रसूतिगृहात नर्स आहे. माझी कामाची पाळी कधी आहे ते विचारून बायका येतात, केवळ माझ्या हातगुणावर. पण हे गाडीला कुणी सांगायचं?

मेट्रनबाईंनी बजावलं होतं, पुन्हा उशीर झाला तर सकाळची पाळी आणि प्रसूतिकक्ष दोन्ही जातील. "मग सोड पाळी," हे म्हणाले, "गाडी तुला झेपत नाही." खरं सांगते, मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आमच्या मेकॅनिकला सगळे बघूशेठ म्हणतात, कारण काहीही विचारा, तो "बघू" म्हणतो. त्यानं बॅटरी तपासली, हीटर प्लग बदलले. त्याच्या गॅरेजात रात्रभर थंड पडलेली गाडी सकाळी निमूट सुरू व्हायची. घरी आणली की पुन्हा नखरे, तेही रोज नाहीत. त्याचं डोकं चक्रावलं, माझं तर केव्हाच.

"तुम्ही काही वेगळं करता का, ताई?"

मी काय करणार? फाटकाजवळची सपाट जागा मोकळी असली तर तिथं लावते. शेजाऱ्यांनी अडवली तर चढावर, तोंड वर करून.

"चढावर?" बघूशेठ 'बघू' म्हणायचं विसरला.

संध्याकाळी त्यानं डिझेलच्या पाइपात मध्येच एक पारदर्शक नळी बसवली आणि गाडी चढावर लावायला लावली. सकाळी बॉनेट उघडून म्हणाला, "मारा सेल." मी मारला. काही नाही.

"नळी रिकामी आहे. कुठल्यातरी जोडातून हवा शिरते आणि रात्रीत डिझेल मागं टाकीत उतरतं. मारा. थांबा. परत मारा." माझी बोटं दुखायला लागली. "येतंय, येतंय... आलं!"

तेवढ्यात हे कप घेऊन आले. "सरक."

"साहेब, थांबा," बॉनेटमागून आवाज आला. "आता कुणीही सेल मारला तरी सुरू होईल. ताईंनी डिझेल वर आणलंय. तुम्ही दर वेळी शेवटचा सेल मारत होता."

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

मला हसू यायला हवं होतं. पण आठवल्या सासूबाई. त्यांच्या आजारपणात मी रोज चमच्यानं पेज भरवायचे आणि त्या थुंकून टाकायच्या. एके दिवशी गिळली, तेव्हा चमचा ह्यांच्या हातात होता. मुलानं भरवलं म्हणून आई जेवली, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

हे कप धरून तसेच उभे होते. "पण सुरू तर मीच करत होतो ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. नव्हती. त्यांना खरंच कळलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

"उशीर होतोय," मी म्हटलं आणि निघाले.