नितळ बाटली

ताईने पेला तोंडाला लावला, जीभ टाळ्यावर फिरवली आणि म्हणाली, "छान झालीय. खाणं आणि पिणं एकातच उरकलं."

तिचा धाकटा भाऊ, लिफ्टवाला, हसला खरा, पण ओशाळला. त्याने घरी केलेली द्राक्षांची वाइन दिवसभराच्या बसप्रवासात मांडीवर सांभाळून आणली होती. तरी खड्ड्यांनी व्हायचं ते झालं. बाटलीच्या तळाशी निवांत बसलेला गाळ उठला होता आणि पेल्यात ताकासारखं गढूळ काहीतरी उतरलं होतं.

आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. ताईने लोकांचे कपडे शिवून त्याला वाढवलं, लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लावलं, त्याचं लग्नही करून दिलं. पूर्वी ती दरवर्षी त्याच्याकडे राहायला यायची. तेव्हा परसातल्या वेलीची वाइन जागच्या जागी, बाटली न हलवता ओतली जायची, गाळ खालीच राहायचा आणि कुणाचं काही अडत नसे. आता ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. यापुढे बाटलीलाच तिच्याकडे जावं लागणार होतं.

परत आल्यावर तो वाइनचं सामान विकणाऱ्या बाईंच्या दुकानात गेला. बाटलीतला गाळ कसा काढायचा, असं त्याने विचारलं.

"बाटलीतून नाही काढता येत," बाई म्हणाल्या. "तो बाटलीत जाऊच द्यायचा नाही."

मग त्यांनी त्याला आतापर्यंत कसं करता ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. तो द्राक्षं फडक्यात घालून धुण्यासारखी पिळायचा. बुडबुडे थांबले की त्याच दिवशी बाटल्या भरून मोकळा व्हायचा. त्यात त्याचाही दोष नव्हता. त्याच्या धंद्यात कायम कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलं असे. घाई हाडीमाशी खिळली होती.

त्या वर्षी त्याने द्राक्षं हलक्या हाताने दाबली. बुडबुडे थांबल्यावर मोठी काचेची बरणी जिन्याखालच्या थंड कोपऱ्यात ठेवून दिली. गाळ बसला, तसा रबरी नळीने वरचा रस दुसऱ्या बरणीत उतरवून घेतला. नळीचं टोक गाळाच्या वरच राहील असं धरायचं आणि तळातलं थोडं खुशाल सोडून द्यायचं, हे त्याला सर्वांत जड गेलं. नवी बरणी गळ्यापर्यंत भरून बूच लावलं आणि पुन्हा वाट पाहणं आलं.

कामावरून आला की तो आधी जिन्याखाली वाकायचा. बायको म्हणायची, "तुमच्या लिफ्टपेक्षा हळू उतरतोय गाळ. तक्रार नोंदवू का?"

हिवाळ्यात दुसऱ्यांदा रस उतरवला तेव्हा तो चांगला स्वच्छ दिसत होता. सुटीही मंजूर झाली होती. त्याने बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या. पण बायकोने बरणीमागे विजेरी धरली आणि उजेडात बारीक धुकं तरंगताना दिसलं. तो बराच वेळ तिथेच उकिडवा बसला, मग उठून त्याने बाटल्या फळीवर ठेवून दिल्या.

ताईला फोन करून सांगितलं, की आता जमत नाही, जरा उन्हं तापल्यावर येतो. "ये तुझ्या सोयीने," ती म्हणाली. "मी कुठे पळून चाललेय?"

झाडांना पालवी फुटली तेव्हा बरणीमागे धरलेल्या वर्तमानपत्रातली अक्षरं माणकातून दिसावीत तशी लाल आणि स्पष्ट दिसली. मग त्याने बाटल्या भरल्या. त्यातली एक घेऊन तो बसमध्ये बसला, आणि या खेपेला खुशाल पिशवीत टाकून पायाशी ठेवली. बस आदळत राहिली, तो झोपून गेला.

दार ताईनेच उघडलं, पण भिंतीला हात लावत लावत आली. त्याचा चेहरा चाचपून बघितला. बारीक झालास, म्हणाली. मग स्वयंपाकघरात बसल्यावर तिने सांगितलं, की हिवाळ्यापर्यंत दिसत होतं थोडंफार. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

"फोनवर का नाही बोललीस?"

"तू धावत आला असतास. घाईघाईने." ती म्हणाली. "ओत आता. काय आणलंयस?"

त्याने बाटली उघडली, दोन मोठे काचेचे पेले भरले. ओतताना बाटली पार उपडी झाली तरी शेवटच्या थेंबापर्यंत धार तशीच लाल, स्वच्छ. ताईने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि बराच वेळ गिळलाच नाही. मग सावकाश गिळला. तिचा चेहरा सैल झाला, त्याच्या लहानपणी एखादा सदरा मनासारखा बेतला गेला की व्हायचा तसा.

"रंग कसा आलाय?" तिने विचारलं आणि पेला उंच धरला. तो भिंतीच्या बाजूला धरला गेला होता.

तो उठून तिच्या मागे गेला. कोपराला धरून त्याने तिचा हात अलगद खिडकीकडे वळवला. ऊन पेल्यातून आरपार येऊन तिच्या गालावर पडलं.

"हां," ताई म्हणाली. "आता ठेव असाच."

तो तिचा हात धरून तसाच उभा राहिला.