तेवढंच पुरे

मी रेकॉर्डर बोलतोय. आकाराने काडेपेटीएवढा, पण ऐकलेलं सगळं पोटात ठेवतो. माणसांना तेवढंही जमत नाही.

मालकाने मला आणलं ते म्हाताऱ्या आईच्या आठवणी साठवायला. हौस दांडगी! पहिल्याच दिवशी आजी काही सांगू लागल्या, तर तोंड वाकडं करून त्याने मला बंद केलं. ते पुन्हा कधी ऐकलंही नाही. मी खणात पडून राहिलो.

मग एके दिवशी स्वयंपाकघरातली फळी डब्यांसकट कोसळली. आजी पडल्या, मांडीचं हाड मोडलं आणि दवाखान्यातून काही परतल्या नाहीत. त्यांना सांभाळणाऱ्या बाईंना मालकाने समोर बसवलं आणि माझं बटण दाबलं.

"मीच ढकललं आजींना," बाई रडत म्हणाल्या. मग श्वास घेऊन पुढे बोलल्या, "फळी निखळत होती, दादा. ढकललं नसतं तर डोक्यातच बसली असती. किती वेळा सांगितलं तुम्हाला, बसवून घ्या म्हणून!"

"तेवढंच पुरे," मालक म्हणाला.

त्याने फक्त पहिलं वाक्य कापून पोलिसांना दिलं. पोलिसांनी मलाही पाकिटात घालून सील केलं, पण ऐकलं कुणीच नाही. तुकडा बरा, चहा गार व्हायच्या आत संपतो. बाई कोठडीत गेल्या आणि त्यांची शाळकरी लेक शेजाऱ्यांच्या दारात जाऊन पडली.

कोर्टात सरकारी वकिलाने तो तुकडा असा वाजवला, जणू गड जिंकला.

"अहो, मी पुढेही बोलले होते!" बाई ओरडल्या. त्यांचा स्वतःचा वकील घड्याळ बघत होता. शहाण्यांचा बाजार नुसता!

न्यायाधीशबाईंनी मात्र तुकडा पुन्हा लावायला सांगितला. "शेवटी या श्वास घेतायत. हा पुढचं बोलण्यासाठी घेतलेला श्वास आहे. कापणाऱ्याला तेवढाही कापता आला नाही?"

"पुढे महत्त्वाचं काही नाही, मॅडम," सरकारी वकील म्हणाला.

"ते मी ठरवेन. मूळ रेकॉर्डर लावा. पहिल्यापासून, सगळं."

माझं सील फुटलं. आधी आजींचाच आवाज आला, "लहानपणचं सांगते की रे. पण आधी ती फळी बसवून घे बाबा, एखाद्या दिवशी जीव घेईल कुणाचा तरी." मग बाईंचं सगळं बोलणं आणि शेवटी मालकाचं "तेवढंच पुरे". मालक खाली मान घालून बसला होता. मला दया वगैरे काही आली नाही.

बाई सुटल्या. दाराशी लेक उभी होती, तिला त्यांनी पोटाशी धरलं.

मी पुन्हा पाकिटात आहे. कधीतरी मालकाच्या हातात परत जाईन. एवढंच मागणं आहे, त्याने मला एकदा शेवटपर्यंत ऐकावं. फार वेळ लागणार नाही. आजींच्या लहानपणासाठी ठेवलेली जागा अजून रिकामीच आहे.