मासे भेटायला येतात

आमच्या घरात निर्णय घेण्याचं खातं थोरल्या दिरांकडे आहे. ते त्यांना कोणी दिलेलं नाही, पण कोणी परतही मागितलेलं नाही. म्हणून सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांच्या माघारी त्यांचे मासे कोणी सांभाळायचे यावर भाऊजींनी जेवणाच्या टेबलावर बैठक घेतली. मासे दोन. बैठकीला माणसं चार.

मासे दोनच असले तरी प्रकरण साधं नव्हतं. हॉलच्या भिंतीला लागून पाच फूट लांबीची खाऱ्या पाण्याची टाकी, आणि तिच्यात क्लाउनफिशचं जोडपं. नारिंगी अंग, पांढरे पट्टे, वय वर्षं चौदा. सासूबाई होत्या तेव्हा आणलेलं. मादी आकाराने मोठी, तिला बाबा ‘थोरली’ म्हणायचे आणि नराला ‘धाकटा’. सासूबाई गेल्यापासून बाबा आम्हा सगळ्यांशी मिळून जेवढं बोलत, त्याच्या दुप्पट त्या दोघांशी बोलत. त्यांचंही काही चुकत नव्हतं. ते दोघे निदान मध्येच तोडून स्वतःचं सुरू करत नसत.

ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी बाबांनी एकच अट घातली. “मी परत येईन तेव्हा हे दोघे इथे दिसले पाहिजेत. नाहीतर मला परत आणायची तसदी घेऊ नका.”

“काहीतरीच काय बोलता, बाबा! मी आहे ना,” भाऊजी म्हणाले.

“म्हणूनच सांगतोय,” बाबा म्हणाले.

त्यांनी एका कागदावर सहा सूचना लिहून ठेवल्या होत्या. भाऊजींनी त्या कागदाचा फोटो काढला, ‘टीम टाकी’ नावाचा ग्रुप उघडला आणि फोटो तिथे टाकला. पाच मिनिटांत अंगठे आले. जाऊबाईंनी हात जोडले. माझ्या नवऱ्याने ‘नोटेड’ लिहिलं. तो कागद वाचला मात्र कोणीच नाही, आणि त्यात मी माझ्या नवऱ्याला सूट देणार नाही.

मला वाचायची गरज नव्हती. सात वर्षं रोज सकाळी चहाचं आधण ठेवून मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. बाबा आंघोळीआधी यायचे, कारण आंघोळीनंतर हाताला साबणाचा वास असतो. स्वयंपाकघरातला पांढरा पुसायचा कागद, साधा, बिनवासाचा, टाकीत अख्खाच्या अख्खा पाण्यावर पसरायचे. मनात दहा मोजायचे. मग दोन कोपरे धरून हलकेच ओढून उचलायचे. कागदावर वरचा तवंग चिकटून यायचा, पिवळट, बोटाला बुळबुळीत. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाले, “खाण्यातलं तेल, हवेतली धूळ, यांची घाण, सगळं मिळून वर साय धरते. साय धरली की खाली हवा जात नाही. पाणी वरून स्वच्छ, तर मासा खाली सुखात.” म्हणूनच टाकीतल्या छोट्या पंपाचं तोंड ते नेहमी वर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे ठेवत. तिथे पाणी सतत खुळखुळत राहायचं.

ऑपरेशन सोमवारी झालं आणि चांगलं झालं. पण छातीत कफ भरला, ताप आला, आणि मुक्काम वाढला. डॉक्टर म्हणाले, त्यांना कसलीही काळजी लागू देऊ नका. भाऊजींनी ताबडतोब बाबांचा फोन काढून घेतला. काळजी मिटली.

मंगळवारपासून भाऊजी घरून काम करायला लागले, टाकीवर लक्ष ठेवता यावं म्हणून. लक्ष ठेवायचं म्हणजे टाकीकडे पाठ करून लॅपटॉप उघडायचा. पहिल्याच मीटिंगनंतर ते वैतागून उठले.

“ही काय खुळखुळ लावलीय! समोरच्याला वाटतं मी बाथरूममधून बोलतोय.”

आणि त्यांनी बाही वर करून पंपाचं तोंड खाली, वाळूकडे वळवलं. खुळखुळ थांबली. पाणी स्थिर झालं.

“बघ,” ते मला म्हणाले, “कसं आरशासारखं झालं! बाबांना इतक्या वर्षांत हे सुचलं नाही.”

जाऊबाई तर खूशच झाल्या. टाकीवर धूळ नको म्हणून त्यांनी काचेचं झाकण घट्ट बसवलं. माशांचा वास येतो म्हणून हॉलमध्ये सकाळ-संध्याकाळ सुगंधी फवारा मारायला सुरुवात केली. त्यांना वास येतो हे चौदा वर्षांत त्या पहिल्यांदाच बोलल्या, म्हणजे माणूस किती सोसत असतो बघा. शिवाय बाबांच्या हृदयाचं ऐकून त्यांनी स्वतःसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या होत्या. त्यातली एक रोज टाचणीने फोडून त्या माशांच्या खाण्यावर पिळायला लागल्या. “ओमेगा असतं यात. म्हाताऱ्या जिवांना चांगलं.” माशांना माशाचं तेल. मी काय बोलणार?

बोलणार काय, हा प्रश्न मी स्वतःला बुधवारी सकाळी विचारला. आधण ठेवून मी दारात उभी राहिले, सवयीने, आणि तिरप्या उन्हात मला पाण्यावर रंग दिसले. जांभळा, हिरवट. पांढरट डागही होते. तवंग. चांगला सायीसारखा. मी तो ओळखला, त्यात शंका नको. कागद माझ्या हाताशी होता. भाऊजी सोफ्यावर बसून ग्रुपवर लिहीत होते, ‘टाकी एकदम टकाटक.’ मी म्हटलं, आता मी काही बोलले तर दुपारपर्यंत बैठक होईल, मला काय कळतं यावर चर्चा होईल, जाऊबाई दोन दिवस घुश्शात राहतील. नवऱ्याला विचारलं, तर तो वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, “दादा बघतोय ना.” मी मिठाची गुळणी धरून चहा गाळला. मनातल्या मनात भाऊजींना असे काही टोमणे मारले की ऐकले असते तर ते पुन्हा उभे राहिले नसते. मनात मी फार तिखट आहे.

गुरुवारी मासे वर यायला लागले.

दोघेही पाण्याच्या अगदी वरच्या थरात, तोंड पाण्याला लावून उघडमीट उघडमीट करायचे. भाऊजींनी चष्मा डोक्यावर ढकलला आणि सगळ्यांना हाक मारली.

“या, या, बघा! आपल्याला भेटायला येतायत. बाबा नाहीत तर आपल्याला ओळखायला लागले!”

“अगं बाई, भूक लागली असेल त्यांना,” जाऊबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून खाणं दोनदा झालं. कॅप्सूलही दोन झाल्या. प्रेम वाढलं की काटकसर कोण करतं? शुक्रवारी तिसऱ्यांदाही झालं, कारण भाऊजींना व्हिडिओ घ्यायचा होता आणि पहिल्या वेळी उजेड नीट नव्हता. व्हिडिओला मागे बासरी लावली. खाली लिहिलं, ‘मुक्या जिवांची माया.’ तीन शहरांतल्या नातेवाइकांनी डोळे पुसणारे चेहरे पाठवले.

मी तो व्हिडिओ आवाज बंद करून बघितला. थोरलीचे कल्ले इतके जोरात हलत होते की मला स्वतःलाच धाप लागली. तरी मी काय केलं? मीही एक फूल पाठवलं.

रविवारी भेटायच्या वेळी आम्ही चौघे दवाखान्यात गेलो. बाबांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, पण डोळे टवटवीत होते. भाऊजी पलंगाच्या कडेवर बसले, आणि छोटं भाषण केलं की डॉक्टरांनी काळजी करू नका म्हटलंय, म्हणून आम्ही आनंदाची गोष्ट आणलीय. मग फोन बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. बासरी वाजायला लागली.

बाबांनी पाच-सहा सेकंद बघितलं असेल. मग मास्क एका हाताने खाली ओढला.

“पंप कोणी फिरवला?”

“बाबा, मास्क... मास्क लावा आधी.”

“ते भेटायला नाही आले, गाढवा. त्यांना श्वास मिळत नाहीये.” त्यांना स्वतःला धाप लागली, तरी थांबले नाहीत. “तवंग बघ की किती धरलाय. कागद टाका. पंप वर करा. आत्ता. आत्ता जा कोणीतरी!”

पलंगाशेजारचं यंत्र टूं टूं करायला लागलं. परिचारिका धावत आली आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये भाऊजींनी घाम पुसला.

“औषधांनी होतं असं,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “भ्रम होतो. मी डॉक्टरांशी बोलतो. आधी सगळ्यांनी कॉफी घेऊ या.”

मी कॉफी घेतली नाही. कोणाला न सांगता जिना उतरले आणि मिळेल त्या गाडीने घरी आले.

झाकण काढलं तसा आतून सुगंधी फवाऱ्याचा आणि माशाच्या तेलाचा एकत्र भपकारा आला. पंप वर केला. कागद पसरला, दहा मोजले, उचलला. तो असा जड झाला होता की मधोमध फाटला. दुसरा टाकला, तिसरा टाकला. नववा कागद जरा स्वच्छ आला. पाणी खुळखुळायला लागलं. धाकटा पंपाच्या धारेत जाऊन थांबला, तोंड वासून, पण थांबला. थोरली वाळूवर एका कुशीवर पडली होती. मी हात कोपरापर्यंत आत घातला, तिला तळव्यावर घेतलं आणि धारेसमोर धरून ठेवलं. तिने दोनदा कल्ला हलवला. तिसऱ्यांदा हलवेल म्हणून मी बराच वेळ तशीच उभी राहिले, खांदा भरून येईपर्यंत.

मग मला रडू आलं. बाबांच्या काळजीने वगैरे नाही, त्या माशासाठीच.

संध्याकाळी बैठक झाली. बाबांना इतक्यात सांगायचं नाही, असं ठरलं. भाऊजींनी ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली आणि खाली लिहिलं, ‘वृद्धापकाळाने.’ या वेळी मात्र अंगठा टाकायला माझा हात गेला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी कागद मी टाकायला लागले. कोणी विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही.

नऊ दिवसांनी बाबा घरी आले. दारातूनच त्यांची नजर टाकीकडे गेली. चप्पल न काढता ते तिथपर्यंत चालत गेले आणि काचेसमोरच्या खुर्चीत बसले. धाकटा मध्यावर फिरत होता, एकटा. बाबांनी टाकीचे चारही कोपरे दोनदा बघितले.

भाऊजी घसा खाकरून म्हणाले, “बाबा, तिचं वय झालं होतं हो. चौदा म्हणजे माशांत खूपच झालं. आम्ही सगळं केलं. खाण्यात काही कमी पडू दिलं नाही.”

बाबांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“कागद तू टाकलेस?”

“हो.”

“कधी?”

“रविवारी. तुम्ही सांगितल्यावर.”

“आणि तवंग कधी दिसला?”

खोटं बोलायला जागा होती. भाऊजींनी ‘वृद्धापकाळाने’ लिहून ती प्रशस्त करून ठेवली होती. पण बाबा माझ्याकडे बघत होते.

“बुधवारी.”

बाबांनी बोटांवर मोजलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार.

“यांना दिसलं नाही,” ते शांतपणे म्हणाले. “यांना कधीच काही दिसत नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तुला दिसलं होतं.”

इतके दिवस मी भाऊजींची, जाऊबाईंची, नवऱ्याची मनातल्या मनात जी खिल्ली उडवत होते, ती सगळी त्या एका वाक्याखाली गप्प झाली. थोरलीला ओमेगाने मारलं, फवाऱ्याने मारलं, मीटिंगने मारलं, हे खरंच आहे. पण त्यांच्यातल्या कोणालाही ती मरते आहे हे माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी चहा गाळत होते. बाबांना तोंड दाखवायला जागाच नव्हती.

तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. ऑफिसचा होता. “हो सर, एक सेकंद, जरा आवाज येतोय,” असं म्हणत त्यांनी सवयीने टाकीकडे हात नेला. बोटं पाण्यात गेली, पंपावर टेकली.

“भाऊजी, हात बाहेर काढा.”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. जाऊबाईंनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने फरशीकडे. भाऊजींचा हात होता तिथेच राहिला. त्यांनी कानाचा फोन जरासा बाजूला केला आणि भुवया वर करून विचारलं, काय?

बाबा खुर्चीत मागे रेलले.

“जरा मोठ्याने बोल,” ते मला म्हणाले. “त्याला ऐकू गेलेलं नाही.”

मग मी मोठ्याने बोलले.